लॉगिन झालं की स्क्रीन काळी: व्हीपीएनवरच्या रिमोट डेस्कटॉपचं एक प्रकरण

मंगळवार, १६ जुलै २०२४. रात्री सव्वानऊला फोन आला. "दादा, रिमोट लागतंय, पासवर्ड घेतंय, आणि मग सगळं काळं. आठ वेळा केलं. माझ्या लॅपटॉपलाच काही झालंय का?"

फोन देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून होता. ताई कोल्हापुरातल्या एका सीए ऑफिसात पंधरा वर्षं काम करतात. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून माहेरी गेल्या होत्या आणि सोबत काम घेऊन गेल्या होत्या. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न, ३१ तारखेला ऑडिट नसलेल्यांची इन्कम टॅक्स रिटर्न्स. जुलैत सीए ऑफिसात कुणी रजा मागत नाही, मागितली तर अशीच मिळते. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी आणि मोहरम एकत्र आल्यामुळे ऑफिस बंद. म्हणजे ताईंच्या पीसीसमोर जाऊन बसायला कुणी नाही.

या ऑफिसचं नेटवर्क मी बघतो. रिमोट डेस्कटॉप म्हणजे ऑफिसच्या पीसीची स्क्रीन आपल्या लॅपटॉपवर आणून तिथलं काम करणं, आणि व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणारा कुलूपबंद बोगदा. त्या रात्री साडेअकरापर्यंत आणि पुढच्या दोन आठवड्यांत जे झालं ते इथे क्रमाने लिहितोय, चुकलेल्या वाटांसकट. हा बिघाड खूप जणांना येतो आणि "नेट स्लो आहे" म्हणून सोडून दिला जातो. ताईंचं नेट स्लो नव्हतं. जीएसटीचं पोर्टल त्याच वेळी बाजूला नीट उघडत होतं.

ऑफिसची मांडणी

अकरा माणसं, नऊ पीसी, सगळ्यांवर विंडोज प्रो. (होम आवृत्तीच्या पीसीवरून दुसरीकडे रिमोट घेता येतं, पण त्या पीसीवर बाहेरून येता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे नवीन पीसी घेताना फसलेली दोन ऑफिसं मी पाहिली आहेत.) टॅलीचा डेटा एका पीसीवर. ताईंच्या पीसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.२०. फायबरच्या लाइनवर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेतलेला, कारण साध्या लाइनवर बऱ्याच कंपन्या एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतात आणि मग बाहेरून आपल्या राउटरपर्यंत यायला वाटच राहत नाही. राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बसवलेलं. घरून काम करणाऱ्याने लॅपटॉपवर वायरगार्ड ॲक्टिव्हेट करायचं, मग रिमोट डेस्कटॉपमध्ये आपल्या पीसीचा आयपी टाकायचा. ताई कोल्हापुरातल्या घरून दोन वर्षं हेच करत होत्या. कधी अडलं नव्हतं.

बदललं होतं ते एकच. माहेरच्या घरात भावाची फायबर लाइन होती, पण आदल्या दिवशी झाड पडून ती तुटली होती. ताई स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होत्या. ही गोष्ट मला पहिल्याच मिनिटात कळली होती. तिच्याकडे मी जवळजवळ तासभर नीट पाहिलं नाही.

पहिला तास

मी सगळ्यात आधी आयपीची टक्कर तपासली, म्हणजे दोन्हीकडच्या नेटवर्कांत तेच पत्ते नाहीत ना ते पाहिलं. त्यामागे एक जुना अनुभव आहे. दुसऱ्या एका ऑफिसात, वेगळ्या व्हीपीएनवर, एका मुलाचं रिमोट लागत नव्हतं, पण पिंगला, म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतं का हे पाहणाऱ्या छोट्या हाकेला, उत्तर येत होतं. उत्तर तीन मिलिसेकंदांत येत होतं. पुण्याहून कोल्हापूरला व्हीपीएनमधून जाऊन तीन मिलिसेकंदांत कुणी परत येत नाही. त्याच्या घरच्या वायफायचे आयपीही १९२.१६८.१ नेच सुरू होणारे, आणि उत्तर देत होता हॉलमधला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. तेव्हापासून पिंगचं उत्तर आलं एवढ्यावर मी थांबत नाही, किती वेळात आलं ते विचारतो.

ताईंच्या लॅपटॉपला हॉटस्पॉटवरून वेगळ्याच पट्ट्यातला आयपी मिळाला होता, त्यामुळे टक्कर नव्हती. ऑफिसच्या पीसीला पिंग सत्तर-ऐंशी मिलिसेकंदांत परत येत होतं. कोकणातल्या पावसात मोबाइलवर हे चांगलंच म्हणायचं. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन चालवून पोर्ट ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, पाहिलं, उघडं होतं. वायरगार्डमध्ये शेवटचा हँडशेक (दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखल्याची खूण) एका मिनिटापूर्वीचा दिसत होता.

मग मी माझ्या घरून, माझ्या फायबरवरून, त्याच व्हीपीएनमधून त्याच पीसीवर ॲडमिन खात्याने गेलो. झटक्यात उघडलं. विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, म्हणून ताईंना आधी बाहेर पडायला सांगितलं होतं. आत गेल्यावर इव्हेंट व्ह्यूअर उघडला. रिमोट डेस्कटॉपच्या तक्रारीत माणसं सहसा इथे बघत नाहीत, आणि खरी गोष्ट इथेच लिहिलेली असते. टर्मिनल सर्व्हिसेसच्या दोन नोंदवह्या असतात, एक रिमोट कनेक्शन मॅनेजरची आणि एक लोकल सेशन मॅनेजरची. पहिलीत ताईंच्या नावाने ११४९ क्रमांकाची नोंद होती, म्हणजे ओळख पटली. दुसरीत २५, म्हणजे जुनं सेशन परत जोडलं गेलं. आणि मिनिटा-दीड मिनिटाने २४, म्हणजे तुटलं. ११४९, २५, २४. हीच तिकडी रात्रीत आठ वेळा.

म्हणजे पीसीच्या हिशेबाने ताई आत आलेल्या होत्या. त्यांचा डेस्कटॉप तिथे तयार होता, पीसी तो पाठवतही होता. देवगडला पोहोचत नव्हतं ते फक्त चित्र.

इथे मी थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी काळ्या स्क्रीनचे नेहमीचे उपाय सुरू केले. डिस्प्ले लहान केला, रंग सोळा बिटवर आणले, बिटमॅप कॅशिंग बंद केलं. ताईंच्या लॅपटॉपवर पॉलिसीतून रिमोट डेस्कटॉपचं यूडीपी बंद केलं, कारण विंडोज ८ च्या काळापासून रिमोट डेस्कटॉप टीसीपीच्या जोडीला यूडीपी ही डेटा पाठवण्याची दुसरी पद्धतही वापरतं आणि व्हीपीएनवर कधी कधी तेच अडकतं. काळ्या स्क्रीनवर कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबायला सांगितलं, म्हणजे पलीकडे कंट्रोल-ऑल्ट-डिलीट गेल्यासारखं होतं. काहीच दिसलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा जोडण्याचा प्रयत्न, वीसपैकी पहिला, दुसरा, तिसरा.

एकदा मात्र दीड मिनिटाने डेस्कटॉप दिसला. ताई आनंदाने ओरडल्या. टॅली उघडलं आणि चित्र तिथेच गोठलं.

दोन ओळींची नोटपॅड फाइल

सव्वादहा वाजले. ताई म्हणाल्या, "रिमोट राहू दे, दादा. मी शेअर्ड फोल्डरमधून फाइल घेते आणि इथेच एक्सेलमध्ये करते." व्हीपीएन चालू असताना ऑफिसचा शेअर्ड फोल्डर लॅपटॉपवरून उघडता येतो. मी म्हटलं, करून बघा.

मिनिटाभराने त्या म्हणाल्या, "फोल्डर उघडला. फाइलींची नावं दिसतायत. पण एक्सेल उघडेना. कॉपीला लावली तर शून्य टक्क्यावर बसलीये. ती बिलांची यादी केलेली नोटपॅडची फाइल मात्र लगेच उघडली."

किती मोठी आहे ती, विचारलं.

"दोन ओळी आहेत."

त्या रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं, आणि ते माझ्या कुठल्याही कमांडने सांगितलं नाही. कंटाळून दुसरी वाट शोधणाऱ्या बाईंनी सहज सांगितलं. फोनवर मदत करताना आपण समोरच्याला एकामागून एक गोष्टी करायला लावतो आणि "झालं का, झालं का" एवढंच विचारतो. त्यांना काय दिसलं ते त्यांच्या शब्दांत सांगू द्यायला हवं. मी सव्वानऊलाच तसं विचारलं असतं तर तास वाचला असता.

दोन ओळी जातात, एक्सेल जात नाही. पिंग जातं, पासवर्ड जातो, चित्र जात नाही. लहान ते सगळं पोहोचतं आणि मोठं ते सगळं वाटेत गडप होतं. नेट स्लो असतं तर मोठं उशिरा आलं असतं. इथे ते येतच नव्हतं.

मोजमाप

नेटवर्कवर सगळा डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो, एकेका तुकड्याला पाकीट म्हणतात. साधं पिंग ३२ बाइटांचं असतं. इतका छोटा लिफाफा कुठल्याही फटीतून जातो. म्हणून "पिंग होतंय" या वाक्याला अशा तक्रारीत फारसा अर्थ नाही. किती मोठं पिंग होतंय ते पाहायला लागतं. विंडोजच्या पिंगला दोन गोष्टी सांगता येतात: -एफ दिलं की वाटेत पाकिटाचे तुकडे करायला मनाई, आणि -एल पुढे आकडा दिला की तेवढ्या बाइटांचा मजकूर. त्या आकड्यावर आयपीचे २० आणि पिंग ज्या आयसीएमपी पद्धतीने जातं तिचे ८ असे २८ बाइट आणखी चढतात.

वायरगार्डने ताईंच्या लॅपटॉपवर बोगद्याचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, १४२० धरली होती. विंडोजवर तो वायफायच्या १५०० मधून ८० वजा करून हा आकडा स्वतः ठरवतो. पुढे मोबाइल टॉवरपासून काय आहे याची त्याला कल्पना नसते. १४२० मधून २८ गेले की १३९२. म्हणजे १३९२ पर्यंतचं पिंग व्यवस्थित जायला हवं.

ताईंना कमांड प्रॉम्प्ट उघडायला सांगितला आणि एकेक अक्षर सांगत गेलो. पिंग, स्पेस, वजा एफ, स्पेस, वजा एल, स्पेस, आकडा, स्पेस, पीसीचा आयपी. बाहेर पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की "एफ" आणि "एस" तीनदा सांगावं लागलं. शेवटी "फणसातला फ" म्हटलं तेव्हा जमलं.

१४०० टाकल्यावर लगेच उत्तर आलं, पाकिटाचे तुकडे करावे लागतील पण तशी मनाई आहे. हे उत्तर लॅपटॉपनेच दिलेलं, पाकीट बाहेर पडलंच नाही. इथपर्यंत ठीक.

१३९२ टाकलं. चारही वेळा रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

१००० टाकलं, चारही उत्तरं आली. १२०० आली. १३०० आली. १३५० गेलं ते गेलंच. १३३० आलं. १३४० नाही. १३३२ आलं. १३३३ नाही.

१३३२ येतं आणि एका बाइटने मोठं १३३३ येत नाही. ताईंनी हे दोन्ही आकडे मला दोनदा वाचून दाखवले, आणि मी तिसऱ्यांदा करायला लावले. तेच.

आता गणित. १३३२ अधिक २८ म्हणजे १३६०. वायरगार्ड आतलं पाकीट कुलूपबंद करण्याआधी त्याची लांबी १६ च्या पटीत नेऊन भरतो. १३६० ही १६ ची बरोबर ८५ वी पट आहे, त्यामुळे तिथे भर पडत नाही. १३६१ झालं की ते थेट १३७६ होतं. म्हणून एका बाइटच्या फरकाने बाहेर १६ बाइटांची उडी पडते. वायरगार्डचं वेष्टन आयपीव्ही४ वर ६० बाइटांचं: आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि त्याचे स्वतःचे ३२. म्हणजे मोबाइलच्या वाटेवर बाहेरून १४२० चं पाकीट जात होतं आणि १४३६ चं जात नव्हतं. आमचा बोगदा १४८० पर्यंतची पाकिटं पाठवत होता.

१३३३ ते १३९२, एवढाच पट्टा खराब. त्याच्या खालचं सगळं पोहोचतं, वरचं लॅपटॉप स्वतःच अडवतो. मधलं जे काही आहे ते आमच्या दोन्ही टोकांना वाटतं की गेलं, आणि ते कुठेच पोहोचत नाही.

मोबाइलच्या वाटेवर जागा कमी का पडते, याची कारणं माहितीची आहेत. मोबाइल कंपनी आपलं प्रत्येक पाकीट तिच्या जाळ्यात आणखी एका बोगद्यातून नेते, त्या वेष्टनाला जागा लागते. ज्या नेटवर्कवर फोनला मुळात आयपीव्ही६च दिलेलं असतं तिथे आपल्या आयपीव्ही४ पाकिटाचं भाषांतर होतं, आणि आयपीव्ही६ चं शीर्षक ४० बाइटांचं, म्हणजे २० ने जास्त. त्यावर आमच्या व्हीपीएनचं वेष्टन. एकात एक तीन लिफाफे.

खरं तर अशा वेळी वाटेतल्या राउटरने निरोप पाठवायचा असतो की पाकीट मोठं आहे, लहान करून पाठवा. ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवली आहे. पण वाटेत कुणी ते निरोप अडवून टाकलेले असतात, आणि व्हीपीएन असेल तेव्हा निरोप आला तरी तो बाहेरच्या लिफाफ्याच्या नावे येतो, आतल्या रिमोट डेस्कटॉपपर्यंत पोहोचेलच असं नाही. निरोप नाही म्हणून पाठवणारा तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. नेटवर्कवाले याला ब्लॅक होल म्हणतात. ताईंना मी एवढंच सांगितलं की टपालपेटीची फट लहान आहे आणि आपण मोठा लिफाफा कोंबतोय.

मग लॉगिन का होत होतं? कारण ओळख पटवण्याची देवाणघेवाण लहान पाकिटांत होते. छोट्या ऑफिसात पीसीचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, त्याने स्वतःच बनवलेलं, एकच आणि आटोपशीर असतं, तेही फटीतून निसटतं. सर्टिफिकेटांची लांब साखळी असती तर गाडी पासवर्डच्या आधीच अडली असती, आणि तक्रार "कनेक्टच होत नाही" अशी आली असती. एकच रोग, वेगळं लक्षण. चित्र यायला लागलं की मात्र पीसी काठोकाठ भरलेली पाकिटं पाठवतो. त्या एका वेळेला दीड मिनिटाने डेस्कटॉप दिसला, त्याचाही उलगडा होतो: वारंवार अपयश आल्यावर विंडोज कधी कधी आपणहून पाकिटं लहान करून पाहतं. दर नव्या जोडणीला हे शहाणपण पहिल्यापासून शिकायचं, म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही.

सरांचा फोन

उपाय करायच्या आधी, साडेदहाला, सीए सरांचा फोन आला. "अरे, ते व्हीपीएन काढून टाक ना दोन दिवस. राउटरवर थेट पोर्ट उघडून दे. तिचं काम थांबलंय."

हे लिहायचं कारण असं की ही मागणी मला वर्षातून चार-पाच वेळा येते, आणि त्या रात्री ती मान्य केली असती तर बहुधा चाललंही असतं. व्हीपीएनचं वेष्टन गेलं की पाकीट लहान होतं आणि फटीतून गेलं असतं. मग ते पोर्ट दोन दिवसांनी कुणी बंद केलं नसतं. चाललेल्या गोष्टीला कुणी हात लावत नाही.

इंटरनेटवर उघडं ठेवलेलं ३३८९ काही तासांत सापडतं, आणि मग रात्रंदिवस पासवर्ड मारले जातात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची सुरक्षेची त्रुटी बाहेर आली तेव्हा पासवर्डचीही गरज उरली नव्हती. मायक्रोसॉफ्टला तेव्हा एक्सपी आणि सर्व्हर २००३ सारख्या सोडून दिलेल्या विंडोजसाठीसुद्धा दुरुस्ती द्यावी लागली होती, इतकं ते गंभीर होतं. सीए ऑफिसच्या टॅलीत शेकडो लोकांचे पॅन, बँक खाती, पगार असतात. सरांना मी म्हटलं, "सर, अर्धा तास द्या. नाही झालं तर मी उद्या पहाटेच्या गाडीने देवगडला जातो, पण पोर्ट उघडणार नाही." ते गप्प झाले, मग म्हणाले, "बघ बाबा."

एक ओळ

वायरगार्डच्या खिडकीत बोगद्याचं नाव निवडायचं, एडिट दाबायचं, वरच्या इंटरफेसच्या भागात एक ओळ घालायची: एमटीयू = १३२०. सेव्ह, डीॲक्टिव्हेट, पुन्हा ॲक्टिव्हेट. लॅपटॉप ताईंचा स्वतःचा, ॲडमिनचे हक्क त्यांच्याकडेच, म्हणून हे फोनवर जमलं.

मोजमापाने १३६० चालत होतं, तरी १३२० घेतलं. टॉवर बदलला, फोर-जीवरून फाइव्ह-जीवर गेलं, तर वाट बदलते. काठावर बसण्यात शहाणपण नाही.

चित्र पाठवतो ऑफिसचा पीसी, आणि बदल केला देवगडच्या लॅपटॉपवर, तर त्याने काम कसं होईल? टीसीपीची जोडणी सुरू होतानाच दोन्ही बाजू एकमेकींना सांगतात की मला एका वेळी जास्तीत जास्त एवढंच पाठव. लॅपटॉपचा एमटीयू १३२० झाला की तो ४० वजा करून १२८० सांगतो, आणि ऑफिसचा पीसी निमूटपणे त्याच्या आत राहतो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ताईंनी पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली. मी श्वास धरून बसलो होतो. दोन सेकंदांनी ताई म्हणाल्या, "आलं. टॅली उघडं होतं तसंच आहे."

एक्सेलची फाइल कॉपीला लावली, झाली. मग मी पहिल्या तासात केलेले सगळे बदल एकेक करून उलटवले. रंग पूर्ववत, कॅशिंग चालू, आणि मुख्य म्हणजे यूडीपी चालू. हे कंटाळवाणं काम कुणी करत नाही, आणि सहा महिन्यांनी "रिमोट खूप अडखळतंय" अशी नवीच तक्रार येते, कारण तेव्हा घाईत बंद केलेलं यूडीपी तसंच राहून गेलेलं असतं. पावसात पाकिटं गळणाऱ्या मोबाइल लाइनवर यूडीपीचा खरा फायदा होतो. पुन्हा जोडल्यावर ताईंनी वरच्या पट्टीतल्या सिग्नलच्या चिन्हावर माउस नेला, तिथे यूडीपी चालू असल्याचं लिहून आलं. साडेअकराला त्यांनी फोन ठेवला. आई जागी झाली होती, डोळ्यात थेंब घालायची वेळ होती.

नंतर

एका लॅपटॉपवर ओळ घालून प्रकरण संपत नाही. उद्या दुसरं कुणी हॉटस्पॉटवर बसेल आणि तीच रात्र पुन्हा येईल. रविवारी, २१ तारखेला, ऑफिस रिकामं असताना राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग लावलं. बोगद्यातून जाणाऱ्या प्रत्येक टीसीपी जोडणीच्या सुरुवातीलाच राउटर तो "एवढंच पाठव"चा आकडा स्वतः १२४० करून टाकतो. लॅपटॉपवर कुणी काही बदललं नसलं तरी चालतं. शिवाय सगळ्यांच्या वायरगार्ड फाइलींत एमटीयू १२८० घालून त्या नव्याने वाटल्या. १२८० च्या खाली जायचं नाही, कारण आयपीव्ही६ ला किमान तेवढी जागा लागतेच.

वेग किती गेला? १४२० वर बाहेरच्या १४८० बाइटांपैकी १३८० कामाचे, म्हणजे ९३.२ टक्के. १२८० वर १३४० पैकी १२४०, म्हणजे ९२.५ टक्के. एक टक्कासुद्धा नाही. फायबरवर बसणाऱ्या कुणाला फरक जाणवलेला नाही.

मधल्या शुक्रवारी, १९ तारखेला, ताईंचा घाबरून फोन आला होता. टीव्हीवर दाखवत होते की जगभरची विंडोज यंत्रं निळी पडली आहेत, विमानतळांवर रांगा लागल्या आहेत. ते एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने झालं होतं आणि ते सॉफ्टवेअर आमच्याकडे नव्हतं. त्यांचं रिमोट चालू होतं. ३बी वेळेत गेले.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. पुराकडेच्या भागात राहणारे ऑफिसातले चौघं घरीच अडकले, दोघांच्या घरी वीज नाही, सगळे हॉटस्पॉटवर, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं. ऑफिस उंचावर, तिथे वीज आणि फायबर दोन्ही सुरू होतं. माझा फोन त्या आठवड्यात इतर कामांनी सतत वाजत होता. काळ्या स्क्रीनचा एकही आला नाही.

ताईंच्या भावाची फायबर २९ तारखेला जोडून मिळाली. संध्याकाळी मी त्यांना पाच मिनिटं मागितली. वायरगार्डमधली एमटीयूची ओळ तात्पुरती काढली, व्हीपीएन पुन्हा ॲक्टिव्हेट केलं आणि भावाच्या वायफायवरून तीच कमांड चालवली. "फणसातला फ," त्या स्वतःच म्हणाल्या. १३९२ ला चारही उत्तरं आली. मग वायफाय बंद करून हॉटस्पॉट लावला, तोच लॅपटॉप, तीच खुर्ची, तीच कमांड. चारही वेळा टाइम्ड आउट. १३३२ टाकलं, आलं. ओळ परत घातली, आणि ताई उरलेल्या रिटर्न्सना बसल्या.